रोह्याचा आकडा

पेणच्या बाजारात माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पाटीवर मी 'संगणक सेवा' असं रंगवून घेतलं होतं, पण लोक शेवटपर्यंत मला 'टायपिंगवाली बाई' म्हणत राहिले. सुरुवात टायपिंगने झाली हे खरं. पण ज्या कामाबद्दल मी इथे लिहिणार आहे, त्यात टायपिंग फार थोडं होतं. ते काम पडताळणीचं होतं. एका ठिकाणी नोंदलेली माहिती दुसऱ्या ठिकाणी पोचली, तर ती वाटेत तशीच राहिली की बिघडली, की कुणी बदलली, हे ठरवण्याचं.

या कामावर पुढे मुंबईत एका इंजिनिअरने निबंध वाचला. त्याची छापील प्रत माझ्याकडे आहे. त्यात माझा उल्लेख 'पेण येथील एक टंकलेखिका' असा आहे. नाव नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज चढला तर वाचकांना कारण शोधत बसायला नको.

माझी आई मिठागरावर मीठ वाहायची. टोपल्या मोजणाऱ्या मुकादमाशी तिचं रोज सकाळी भांडण व्हायचं, कामाला हात लावायच्या आधी. ती म्हणायची, "मोजणारा ज्याचा, माप त्याचं. म्हणून आदी भांडावं गो, मागून रडून काय व्हनार?" माझं सगळं व्यापारशिक्षण एवढ्यावर झालं.

नव्वदच्या दशकात रोह्याजवळच्या धाटावला कारखान्यांची गर्दी झालेली होती. त्यातल्या एका कंपनीत रंगाला लागणारं एक रसायन तयार व्हायचं. माल ट्रकने खांब, नागोठणे, गडब करत पेणवरून न्हावाशेवा बंदरात जायचा. परदेशातल्या गिऱ्हाइकाची अट अशी होती की, माल रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे ज्या मोठ्या बंद भांड्यात तो शिजतो त्यात असताना, मिनिटामिनिटाला तापमान किती होतं त्याचा आलेख मालाबरोबर हवा. कंपनीचा कॉम्प्युटर तापमान नोंदवून ठेवायचा. पण त्याचे आलेख काढून, इंग्रजी कागद नीट करून बंदराच्या कागदपत्रांना जोडायला तिथे कुणाला वेळ नव्हता. ट्रक पेणवरून जाणारच आहे, तर हे काम पेणमध्ये का होऊ नये, असा विचार एका माणसाच्या डोक्यात आला. तो माणूस मीच. मी बोलावणं नसताना कंपनीत गेले आणि सामंत नावाच्या अधिकाऱ्यासमोर बसले. प्रशासन त्यांच्याकडे होतं. गोड बोलायचे.

"बाई, मुंबईत हे काम निम्म्या दरात होतं."

"मग मुंबईला पाठवा. कागद येईपर्यंत ट्रक बंदरावर उभा राहील. त्याचं भाडं मुंबईवाला भरेल ना?"

काम मला मिळालं. दरही माझा.

रोह्याहून नोंदी फ्लॉपीवर यायच्या. आताच्या मुलांसाठी सांगते, फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढ्या चौकोनी पाकिटातली चकती. तिच्यावर चुंबकाच्या खुणांनी माहिती लिहिलेली असे. आमच्याकडच्या दमट हवेत तिला बुरशी येई. उन्हात ती वाकडी होई. एका ड्रायव्हरने आणलेली प्रत्येक फ्लॉपी कोरी निघायची. मी त्याला फैलावर घेतलं तेव्हा तो दुखावला.

"बाई, पोरीसारखी जपून आणतो. खाली ठेवतच नाय. गाण्याच्या स्पीकरवर ठेवतो, तिथं ऊन पन येत नाय."

स्पीकरच्या आत चुंबक असतं. प्रत्येक फेरीत त्याच्या गाण्यांनी आमचं तापमान पुसून टाकलं होतं.

पण कोरी फ्लॉपी परवडली. खरा त्रास अर्धवट बिघडलेल्या फ्लॉपीचा. ती वाचली जाते, आलेखही निघतो, फक्त मध्येच कुठेतरी अठ्ठ्याऐंशीच्या जागी अठ्ठावन्न असतं. असा एक कागद परदेशात गेला आणि तिथून खरमरीत पत्र आलं. सामंतांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. मी म्हणाले, माझ्याकडे जे आलं ते मी छापलं. ते म्हणाले, आमच्याकडून बरोबरच निघालं. दोघंही खरं बोलत होतो आणि दोघांनाही ते सिद्ध करता येत नव्हतं.

तोडगा प्रधानांनी आणला. ते कंपनीत मोजमापाच्या यंत्रांचे इंजिनिअर, रोह्याच्या शिकलेल्या घरातले, वडील शिक्षक. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांच्याकडे एका परदेशी मासिकातल्या लेखाची झेरॉक्स होती. अमेरिकेतल्या एका संशोधकाने सुचवलेली युक्ती होती ती. मला ती कळायला दोन बैठका लागल्या. इथे एका बैठकीत सांगते.

पाट्यावर वाटण वाटतो तसं समजा. खोबरं, मिरची, लसूण, मीठ वाटून गोळा झाला की गोळ्यातून खोबरं परत काढता येत नाही. पण तेच जिन्नस त्याच मापाने वाटले तर गोळा तोच येतो, आणि एक मिरची जास्त पडली तरी चव बदलते. प्रधानांनी आकड्यांसाठी असं वाटण घालणारं एक सूत्र कॉम्प्युटरमध्ये बसवलं. कितीही मोठी नोंद त्यात घाला, आठ अंकांचा एक आकडा बाहेर येतो. नोंदीत एक अंक बदलला की तो आकडा पार वेगळा. रोह्याला त्यांनी आकडा काढायचा, पेणला मी काढायचा. जुळला तर माल तोच.

पण नाही जुळला तर? बिघाड कुठे आहे हे एक आकडा सांगत नाही. म्हणून झाड. एका पाळीचे आठ तास. प्रत्येक तासाच्या नोंदीचा एक आकडा काढायचा. मग शेजारच्या दोन-दोन तासांचे आकडे एकत्र वाटून त्यांचा एक, त्यांच्या जोड्यांचा पुन्हा एक, असं करत शेवटी पाळीचा एकच आकडा. तीन पाळ्यांचे तीन आकडे एकत्र वाटले की दिवसाचा आकडा. तो शेंडा. शेंडा जुळला तर खालचं काहीच बघायला नको. नाही जुळला तर फोन करून खालच्या फांद्यांचे आकडे विचारायचे. जी फांदी जुळत नाही तिच्यावरून खाली उतरायचं. चार-पाच प्रश्नांत नेमका खराब तास सापडतो. मग तेवढाच तास फोनवरून वाचून घ्यायचा आणि टाइप करायचा. हेच ते माझं टायपिंग.

मिठागरावर हे नवं नव्हतं. वाफ्यातलं पाणी गढूळ आलं तर आई प्रत्येक वाफा बघत फिरायची नाही. पाट जिथे फुटतो तिथे उभी राहून कुठल्या बाजूचं पाणी खराब ते बघायची आणि त्याच बाजूने पुढे जायची.

झाड प्रधानांनी आणलं, हे मी कुठेही कबूल करते. पण फ्लॉपी रोह्याहून निघायच्या आधी, रोज सकाळी, आदल्या दिवसाचा आकडा फोनवर बोलून टाकायचा, ही अट माझी. प्रधान म्हणाले होते, "आकडा फ्लॉपीवरच लिहून पाठवू की."

मी म्हटलं, "साहेब, बाजारात एकदा भाव बोलला की बोलला. चिठ्ठी बदलता येते."

निबंधात हे वाक्य आहे. वेगळ्या शब्दांत, आणि त्यांच्या नावावर.

माझ्या दुकानात फोन नव्हता. अर्ज केलेला होता, नंबर लागत नव्हता. फोन यायचा तो शेजारच्या अन्वरभाईंच्या एसटीडी बूथवर. रोह्याची लाइन इतकी खराब की ऐकू आलेला प्रत्येक अंक ओरडून परत सांगितल्याशिवाय खात्री होत नसे. मी दुकान सोडून जाऊ शकले नाही की हे काम अन्वरभाई करायचे. त्यांचा आवाज मासळीबाजारापर्यंत पोचायचा.

"सात! सात ना? चार! नंतर? शून्य! अरे जोरात बोला साहेब, चार के बाद शून्य?"

रोज सकाळी ठरलेल्या वेळी बाहेरगावचा फोन येतो आणि एक माणूस आठ अंक ओरडतो. पेणच्या बाजाराने याचा एकच अर्थ काढला. मटका. लोक त्या आकड्याचा शेवटचा अंक धरून त्या दिवशीच्या मटक्यावर पैसे लावू लागले. 'रोह्याचा आकडा' असं त्याचं नाव पडलं. अन्वरभाईंच्या बूथच्या बाहेरच्या भिंतीवर कोळशाने तारीख आणि आकडा लिहिला जाऊ लागला. कोण लिहायचं ते मला कधी कळलं नाही. जुगार खेळणारा माणूस जुना आकडा पुसत नाही, कारण त्याला त्यात पुढचा दिसतो. म्हणून भिंत भरत गेली. मी अन्वरभाईंना म्हटलं, हे पुसा. ते म्हणाले, "बाय, भिंत बघायला लोक येतात, मग घरी फोन पण लावतात. माझ्या पोटावर का मारतेस?"

एक दिवस हवालदार आला.

"बाई, हा आकडा येतो कुठून?"

"रोह्यावरून."

"काढतं कोण?"

"मशीन."

"आणि मालक?"

"परदेशात माल पाठवणारी कंपनी. बसा, समजावून सांगते."

मी त्याला वाटण सांगितलं, झाड काढून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं, चहा घेतला आणि उठताना आवाज खाली आणून विचारलं, "सगळं समजलं. पण उद्याचा शेवटचा अंक काय असेल, काही अंदाज?"

ट्रक नसेल त्या दिवशी फ्लॉपी पांडुरंग आणायचा. तो रिअ‍ॅक्टर चालवणारा ऑपरेटर, राहायला गडबला. पाळी सुटली की मोटरसायकलने घरावरून पुढे पेणपर्यंत यायचा, कंपनी पेट्रोल देते म्हणून. आमचं कधी सरळ बोलणं झालं नाही.

"ताय, तुजा आकडा आनलाय."

"आकडा सकाळीच आला. तू फ्लॉपी आणलीस."

"म्हंजे मी नुस्ता हमाल."

"हमाल बरा. तो ओझ्यावर डबा ठेवत नाही. मागच्या वेळी फ्लॉपीला आमटीचा वास होता."

"वासाचा पन आकडा येतो काय? नाय ना? मग वराडतंस कशाला!"

त्याच्या पाळीत अपघात झाला. दुसरी पाळी, संध्याकाळची वेळ. रिअ‍ॅक्टर मर्यादेबाहेर तापला, दाब वाढला, जादा दाबाला फुटावी म्हणूनच बसवलेली वरची सेफ्टी डिस्क फुटली आणि गरम रसायन बाहेर उडालं. पांडुरंगच्या हाताखालच्या माणसाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रधानांचा फोन नेहमीसारखा आला. त्यांनी आठ अंक सांगितले, अन्वरभाईंनी ओरडून परत सांगितले, ते भिंतीवर चढले. अपघाताबद्दल प्रधान काही बोलले नाहीत. मला ते ट्रकवाल्याकडून कळलं. त्याच ट्रकने आदल्या दिवशीच्या पहिल्या पाळीचा माल आणि त्याची फ्लॉपी आणली होती. तो माल चांगला निघाला होता. मी पडताळला आणि पुढे पाठवला.

पांडुरंगला कामावरून थांबवलं आणि चौकशी लावली. आरोप असा की, तापमान तासभर चढत होतं, धोक्याची घंटा वाजत होती, आणि ऑपरेटरने थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला नाही. पुरावा म्हणून कॉम्प्युटरची नोंद. आरोप शाबीत झाला तर नोकरी जाणारच, वर धाटावचा कुठलाही कारखाना त्याला दारात उभा करणार नव्हता. घरची शेती खाडीचं पाणी शिरून खारी झालेली होती, आणि घर त्याच्या एका पगारावर चालायचं.

तो दुकानात आला तेव्हा पहिल्यांदाच पायरीवर थांबला.

"ताय, कागद खोटा हाय. त्यात तापमान चढत गेलेलं दाखवलंय. त्या दिवशी आकडा जागचा हलत नव्हता. आतली मोजायची कांडी मेलेली. आठवडाभर सांगतोय, कांडी बदला, कांडी बदला. कांडीच मेली तर घंटा कुठली वाजते?"

"प्रधानांना सांगितलंस?"

"साहेब म्हनतात, मी फकत मशीन बघतो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "त्या पाळीचा तुज्याकडे आकडा असल ना?"

त्या पाळीची फ्लॉपी माझ्याकडे आलीच नव्हती. वाया गेलेल्या मालाचे कागद कोण काढतं? मी नाही म्हणणार होते, आणि मग मला झाडाची आठवण झाली.

पहिल्या पाळीची फाइल दिवसाच्या आकड्याशी पडताळायची, तर बाकीच्या दोन पाळ्यांच्या फायली लागत नाहीत, पण त्यांचे आकडे लागतात. तिन्ही एकत्र वाटल्याशिवाय शेंडा येणार कसा? म्हणून पहिल्या पाळीच्या फ्लॉपीवर दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीचा आकडा प्रधानांनी नेहमीप्रमाणे घालून दिलेला होता. कांडी मेली होती की नव्हती, हे तो आकडा सांगणार नव्हता. गोळ्यातून खोबरं परत निघत नाही. पण आज जी नोंद पुढे केली जाते आहे ती त्या सकाळचीच आहे का, एवढं तो सांगणार होता.

ही गोष्ट सामंतांच्याही लक्षात आली असावी. ते स्वतः पेणला आले, दुकानात बसले, पंख्याची चौकशी केली.

"बाई, आमच्या दुसऱ्या प्लँटचं कामही तुम्हालाच द्यावं, असं वर चाललंय."

"चांगलं आहे. बदल्यात काय?"

"बदल्यात काय असणार? इतके आकडे येतात तुमच्याकडे. सगळे कुठे जपून ठेवायचे?"

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे, पण मालाचं नाव न घेता भाव करणारा माणूस तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी गप्प राहिले. गप्प राहिलं की समोरचा वर चढतो, हा साधा नियम आहे. सामंत वर चढले नाहीत, घसरले.

"हे बघा, तुम्ही टायपिंग करता. तेवढंच करा."

टेबलावरचं लोखंडी वजन मी आपटलं. टेबलाची काच तडकली, माझीच. सामंत निघून गेले. ते तेवढं एक वाक्य बोलले नसते तर मी दुसऱ्या प्लँटचं काम घेतलं असतं का, याचं उत्तर मला कधी नक्की देता आलेलं नाही.

चौकशी कंपनीच्या कँटीनशेजारच्या खोलीत झाली. चौकशी करायला अलिबागचे एक वकील नेमलेले होते. वयस्कर, कमी बोलणारे. पांडुरंगने साक्षीला बोलावलं म्हणून मी गेले आणि एवढंच मागितलं की, दुसऱ्या पाळीची जी फाइल पुरावा म्हणून लावली आहे तिचा आकडा कंपनीच्याच कॉम्प्युटरवर, प्रधानांच्याच हाताने, सगळ्यांसमोर काढा.

प्रधानांनी काढला. त्यांनी स्वतः फ्लॉपीवर घालून दिलेला आकडा शेजारी ठेवला. आठातला एकही अंक जागेवर नव्हता. खोलीत सामंत होते, वरचे साहेब होते. प्रधान पडद्याकडे बघत म्हणाले, "फरक येतोय." तेवढंच. या दोन शब्दांचं श्रेय मी त्यांना देते. 'मशीन बिघडलं' म्हणणं त्यांना सोपं होतं.

सामंत लगेच उभे राहिले. "फ्लॉपी इतके दिवस या बाईंच्या दुकानात पडून आहे. तिच्यावरचा आकडा त्यांनी नंतर बदलला नाही कशावरून?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मुद्दा बिनतोड होता. सामंतांच्या जागी मी असते तर मीही तोच काढला असता.

"साहेब," मी म्हटलं, "या आकड्याला तपासणारा दुसरा आकडा आहे. दिवसाचा. तो माझ्या ताब्यात नाही. पेणच्या बाजारात भिंतीवर आहे. भिंत इथे येणार नाही, तुम्हाला तिकडे यावं लागेल."

"भिंतीवर कशासाठी?"

मी पांडुरंगकडे बघितलं. तो खाली मान घालून हसू दाबत होता.

"ते तिथे आल्यावर कळेल."

ठरलेल्या दिवशी काळ्या कोटातले वकील, सामंत, प्रधान आणि पांडुरंग बूथसमोर उभे राहिले. अन्वरभाईंनी आदल्या दिवशी भिंतीला चुना फासायचा घाट घातला होता. चौकशी होणार म्हणजे जुगाराची, अशी त्यांची समजूत. मी बादली उचलून माझ्या दुकानात आणून ठेवली आणि भिंत तशीच ठेवली तर यापुढे माझे सगळे फोन तुमच्याच बूथवरून लावीन, असं कबूल केलं. गर्दी जमली. हवालदारही आला. वकिलांनी त्याला विचारलं, "हे काय आहे? मटका?"

"नाही साहेब," हवालदार छाती काढून म्हणाला. "कंपनीच्या मालाची पडताळणी आहे. मी स्वतः चौकशी केलेली आहे. यात वाटण असतं आणि झाड असतं."

मागून कुणीतरी हसलं. वकिलांनी भिंतीवरची तारीख शोधली. आकडा कोळशाचा, थोडा फिकट, पण पुरा होता.

"हा त्याच दिवशी लिहिला गेला, हे कोण सांगेल?"

हो म्हणायचं तर खेळल्याचं कबूल करायचं, शेजारी हवालदार. मग मासेवाली भागीरथी टोपली बाजूला ठेवून पुढे आली.

"मी सांगतंय. रोह्याला भांडं फुटलं त्याच्या दुसऱ्या दिशीचा हाय. श्येवट तीनाचा. मेल्या तिनान माजा पापलेटाचा सगला पैसा खाल्ला, मी इसरन व्हय?" मग माझ्याकडे वळून, "सुमन गो, माजं गेलं त्ये पन लिवाया सांग वकिलाला!"

त्यानंतर चौघं-पाचजण एकदम बोलू लागले. सगळ्यांचा तीन आठवणीत होता, कारण सगळे बुडाले होते. हवालदार मात्र आकाशाकडे बघत होता. त्याचाही तीनच होता, हे मला अन्वरभाईंनी मागाहून सांगितलं.

वकील नुसत्या बोलण्यावर थांबले नाहीत. त्यांनी भिंतीवरचे त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे काही आकडे उतरवून घेतले आणि कंपनीच्या फायलींशी माझ्या दुकानात ताडून पाहायला लावले. सगळे जुळले. म्हणजे भिंत खोटं बोलत नव्हती. मग त्या दिवसाच्या तीन पाळ्यांचे, माझ्याकडच्या फ्लॉपीवरचे आकडे एकत्र वाटले. बाहेर आला तो कोळशाने लिहिलेला आकडा, शेवटी तीन. दुसऱ्या पाळीच्या जागी पुराव्याच्या फाइलचा आकडा घातला. भलताच आकडा आला, असा की ज्यावर पेणमध्ये कुणी कधी पैसे लावले नव्हते.

वकीलसाहेबांनी दोन्ही आकडे स्वतः लिहून घेतले. सामंतांनी पाणी मागितलं. मी दिलं.

निकाल असा झाला की, पुढे केलेली नोंद त्या सकाळनंतर बदललेली आहे आणि तिच्यावर विसंबता येत नाही. आरोप शाबीत झाला नाही. कुणी बदलली, हे निकालात नव्हतं, आणि कंपनीने ते शोधल्याचं माझ्या कानावर नाही. पांडुरंग कामावर परत गेला. माझा करार वर्ष संपताच संपला. काम मुंबईच्या एका फर्मकडे गेलं. पुढे कधीतरी प्रधानांचा निबंध आला. त्यात भिंत आहे, 'सार्वजनिक उद्घोषणा' अशा नावाने. भागीरथी नाही, अन्वरभाई नाहीत, आणि मी कोण आहे ते वर सांगितलंच. पडताळणीचं काम करणाऱ्या माणसाने दुसऱ्याचं नाव पुसावं, याचा राग मला आहे आणि तो मी सोडणार नाही.

पांडुरंग निकालानंतर एकदा आला. फ्लॉपी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. मी त्याला बसायला सांगितलं. म्हटलं, रिअ‍ॅक्टरवर परत गेलास म्हणे?

"नाय. वजनकाट्यावर हाय. गेटजवल."

"त्यांनी हलवलं? तुला परत घ्यायचं तर त्याच जागेवर घ्यायला हवं. मी वकिलांना लिहिते."

"लिवू नको ताय. मीच मागून घेतलं."

सवयीने गप्प बसले होते, भाव करायचा म्हणून नाही.

"कांडी मेलेली व्हती," तो म्हणाला. "त्यात काय खोटं नाय. आकडा जागचा हलत नव्हता. पन कांडी मेली की भांड्याला बाहेरून हात लावायचा असतो. जुनी मानसं तसंच करायची. भांडं तापतंय ते हाताला कलतं. बदलीचा मानूस आला नव्हता, मी सकालपासून उभा. दोन पाल्या सलग. जरा टेकलो आनि डोला लागला. किती वेल ते नाय ठावं. भांडं फुटलं तेवा जाग आली."

बाहेर अन्वरभाई कुणाला तरी ओरडून मुंबईचा कोड सांगत होते.

"त्या पोराचे हात बघायला जातो मी," पांडुरंग म्हणाला. "पेला धरता येतो आता त्याला."

"चौकशीत का नाही बोललास?"

"त्यांनी खोटा कागद लावला. मग मी कशाला खरं बोलू?" तो उठला, पायरीवर गेला आणि तिथून वळून माझ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "तुला सांगितलं, बस झालं. आता ह्याचा आकडा काढ, ताय."